मधल्या फाइलींचे शिक्षण

महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी एसटी स्टँडवरून बाजारपेठेकडे निघाले, की एखादी तरी पाटी दिसतेच: ग्राफिक डिझाइन, व्हिडिओ एडिटिंग, थ्रीडी अ‍ॅनिमेशन, फी हप्त्याने, नोकरीची हमी. तिथला कोर्स पुरा केलेल्या मुलाला फोटोशॉपचे मेनू तोंडपाठ असतात. तो कामाला लागतो आणि पहिल्याच आठवड्यात छापखान्यातून फोन येतो: ‘अरे, फाइल आरजीबीत आहे, ब्लीड सोडलेलं नाही, फॉन्ट कर्व्ह केलेले नाहीत. परत पाठव.’ दुसऱ्या टोकाला कलामहाविद्यालयातून नुकतीच बाहेर पडलेली मुलगी असते. तिच्या वहीत सुंदर स्केचेस असतात, ज्युरीपुढे कल्पना मांडून तिने वाहवा मिळवलेली असते. पण त्यांतली एकही कल्पना कुणाच्या मोबाइलवर, पडद्यावर किंवा कागदावर पोचलेली नसते.

त्याला साधन येते, तिला सुचते. सुचलेले काम पुरे करून गिऱ्हाइकाच्या हाती देईपर्यंत मध्ये काय काय करावे लागते, हे मात्र दोघांनाही कुणी नीट शिकवलेले नसते. डिजिटल माध्यमांच्या शिक्षणाबद्दल आपल्याकडे बोलणे होते ते बहुधा सॉफ्टवेअरबद्दल, नाही तर ‘क्रिएटिव्हिटी’बद्दल. या दोहोंच्या मधला टापू कुठल्याच अभ्यासक्रमाच्या मालकीचा नाही. तो टापू जिथे खरोखर शिकवला गेला, अशा जागा जगात आहेत आणि आपल्याकडेही होत्या. तिथे काय केले जात होते, हे पाहण्यासारखे आहे.

प्रश्न संगणकाहून जुना आहे. १९१९मध्ये जर्मनीत वायमार येथे वॉल्टर ग्रोपिअसने बाउहाउस ही शाळा काढली तेव्हा त्याच्यापुढे हाच पेच होता. चित्रकाराला आकार कळत, पण लाकूड, धातू, सूत यांचा स्वभाव कळत नसे. कारागिराला तो स्वभाव कळे, पण तो बापजाद्यांच्या नमुन्यांत अडकलेला. ग्रोपिअसने प्रत्येक कार्यशाळेला दोन गुरू नेमले: एक रूपाचा, एक कारागिरीचा. व्यवस्था सुखाची नव्हती. रूपाच्या गुरूचा मान मोठा, कारागिराचा कमी, आणि विद्यार्थी दोघांच्या मध्ये. पण १९२५मध्ये शाळा देसाऊला हलली तेव्हा योझेफ आल्बर्स, मार्सेल ब्रॉयर, हर्बर्ट बायर हे तिचेच विद्यार्थी शिक्षक म्हणून उभे राहिले. त्यांच्या हातात दोन्ही विद्या होत्या, म्हणून दोन गुरूंची गरजच उरली नाही. दोन पिढ्यांचे काम या शाळेने सहा वर्षांत केले.

आपल्याकडे अशीच जोडी जाहिरातीच्या धंद्यात आपोआप तयार झाली होती. मुंबईच्या जे.जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये कमर्शियल आर्टचे शिक्षण १९३०च्या दशकात सुरू झाले आणि तिथून निघालेली मुले फोर्टातल्या जाहिरातसंस्थांत शिरली. तिथे व्हिज्युअलायझर असे आणि फिनिशिंग आर्टिस्ट असे. पहिला बटर पेपरवर लेआउट काढी. दुसरा आर्टवर्कच्या बोर्डावर ब्रोमाइड चिकटवी, रेषा शाईने पक्क्या करी, रंगांच्या सूचना लिही आणि छापखान्याला काय चालेल, काय नाही, हे जाणून असे. नवखा मुलगा दोघांच्या टेबलांमध्ये फेऱ्या मारता मारता शिके. १९८५मध्ये पेजमेकर आले, १९९०मध्ये फोटोशॉप आले आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत फिनिशिंग आर्टिस्टचे टेबल उचलले गेले. त्याचे काम संपले असा समज झाला. खरे तर ते काम प्रत्येकाच्या डोक्यावर येऊन पडले, आणि ते शिकवणारा माणूस खोलीतून निघून गेला. आजच्या गोंधळाचे मूळ बरेचसे इथे आहे.

वरच्या इयत्तेतल्या संस्थांनी वेगळा रस्ता धरला. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकी दांपत्याने १९५८मध्ये भारत सरकारला दिलेल्या अहवालातून १९६१मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. १९६९मध्ये पवईच्या आयआयटीत इंडस्ट्रियल डिझाइन सेंटर, म्हणजे आयडीसी, सुरू झाले. त्याच्या उभारणीत जे.जे.मधून जर्मनीतल्या उल्मच्या डिझाइनशाळेत जाऊन आलेले सुधाकर नाडकर्णी होते. या संस्थांत पद्धत उत्तम शिकवली जाते: माणसे पाहा, गरज ओळखा, नमुना करा, तपासा. पण त्यांच्या जागा मोजक्या. जिल्ह्याच्या ठिकाणी शिकणाऱ्या मुलापर्यंत तिथून पोचला तो फक्त शब्दसंग्रह.

चित्रपटाच्या बाजूला मराठी इतिहास अधिक भरभक्कम आहे. दादासाहेब फाळके जे.जे.मध्ये आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकलेले, छायाचित्रण आणि छपाई हाताखालून गेलेली. १९१२मध्ये लंडनहून विल्यमसन कॅमेरा घेऊन आले तेव्हा कल्पना आणि यंत्र दोन्ही त्यांच्याजवळ होते, पैसे नव्हते. त्यांनी सबंध कथापट मांडून दाखवण्याचा खटाटोप केला नाही. कुंडीत वाटाणा लावला, कॅमेरा एका जागी रोवला आणि रोप वाढेल तसतशा एकेक चौकटी घेत गेले. पडद्यावर वाटाण्याचा वेल डोळ्यांदेखत वर चढला आणि यशवंतराव नाडकर्णी या व्यापाऱ्याने कर्ज दिले. आज ज्याला प्रोटोटाइप म्हणतात तो हाच: छोटा, स्वस्त, आणि पुढच्या मोठ्या कामातला सर्वांत अवघड भाग आधी सिद्ध करणारा. ‘राजा हरिश्चंद्र’ मे १९१३मध्ये लोकांपुढे आला.

कोल्हापुरात बाबूराव पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी तर शाळाच होती, नाव तेवढे कंपनीचे. बाबूराव नाटकांचे पडदे रंगवणारे. वेशभूषा आणि देखावे आधी कागदावर काढायचे, मग उभे करायचे, हा त्यांचा शिरस्ता. कॅमेराही त्यांनी घरीच बनवला. त्यांच्या हाताखाली दामले, फत्तेलाल, शांताराम मिळेल ते काम करत घडले, आणि १९२९मध्ये बाहेर पडून त्यांनी ‘प्रभात’ काढली. १९३३मध्ये ‘प्रभात’ पुण्याला आली. त्याच आवारात १९६०मध्ये सरकारने फिल्म इन्स्टिट्यूट सुरू केली. कंपनीची जागा पुढे शिक्षणसंस्थेला मिळाली, ही गोष्ट योगायोगाची असली तरी साजेशी आहे.

पण कल्पना टप्प्याटप्प्याने पक्की कशी करावी, याची सर्वांत काटेकोर शिकवणी अ‍ॅनिमेशनमध्ये तयार झाली. कारण सोपे आहे. चित्रीकरणात नको असलेला प्रसंग कापून टाकता येतो. अ‍ॅनिमेशनमध्ये सेकंदाला चोवीस चौकटी पैसे मोजून काढलेल्या असतात. वॉल्ट डिस्नेने १९३२मध्ये डॉन ग्रॅहॅम या चित्रकलेच्या शिक्षकाला स्टुडिओतच वर्ग घ्यायला बोलावले. नोकरी करणारे, व्यंगचित्रे काढून हात बसलेले लोक संध्याकाळी पुन्हा देहरचना आणि हालचाल शिकू लागले. त्याच सुमारास चित्रांचे कागद भिंतीवर क्रमाने टाचून कथा तपासण्याची, म्हणजे स्टोरीबोर्डची, पद्धत तिथे रुळली. पुढची पायरी पेन्सिल टेस्टची. कच्च्या रेघोट्याच फिल्मवर घेऊन एका छोट्या कोंदट खोलीत पाहायच्या. त्या खोलीला कर्मचारी ‘स्वेटबॉक्स’ म्हणत, कारण तिथे वॉल्टसमोर काम दाखवताना घाम फुटे. डिसेंबर १९३७मध्ये ‘स्नो व्हाइट’ पडद्यावर आला. पाच वर्षांपूर्वी त्याच लोकांना असा चित्रपट करता आला नसता.

ही विद्या मुंबईत आली त्याची हकीगत फारशी सांगितली जात नाही. क्लेअर वीक्स हा डिस्नेचा अ‍ॅनिमेटर मिशनरी आईबापांच्या पोटी भारतातच जन्मलेला. १९५६मध्ये तो फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून फिल्म युनिटमध्ये तंत्र शिकवायला आला. त्याने व्याख्यानमाला घेतली नाही. विद्यार्थ्यांना एक चित्रपट करायला लावला. जातककथेवरचा ‘द बन्यन डिअर’ १९५७मध्ये पुरा झाला आणि त्यात घडलेले राम मोहन पुढे भारतीय अ‍ॅनिमेशनचे पितामह ठरले. जपानच्या युगो साको यांच्याबरोबर त्यांनी केलेला रामायणावरचा चित्रपट १९९२चा. एका पाहुण्या शिक्षकाने एक छोटा चित्रपट पुरा करून घेतला, एवढ्यावर किती काही उभे राहिले, हे आजच्या अभ्यासक्रम समित्यांनी लक्षात घ्यायला हरकत नाही.

संगणक आल्यावर हे टप्पे नाहीसे होतील असे वाटले होते. झाले उलटे. ‘टॉय स्टोरी’ हा पूर्ण संगणकावर बनलेला पहिला कथापट. १९ नोव्हेंबर १९९३ रोजी तो बनवणाऱ्या पिक्सार या स्टुडिओच्या लोकांनी डिस्नेच्या अधिकाऱ्यांना त्याचे स्टोरी रील दाखवले. म्हणजे कच्ची चित्रे, तात्पुरते आवाज. पडद्यावरचा नायक वुडी इतका खवट आणि दुष्ट वाटला, की काम तिथेच थांबवण्यात आले. पिक्सारमध्ये त्या शुक्रवारला ‘काळा शुक्रवार’ म्हणतात. पण त्या दिवशी वाया गेले ते काय? कागदावरची चित्रे. महागडी मॉडेले, प्रकाशयोजना, रेंडरिंग यांतले फार थोडे पणाला लागले होते. पुढच्या काही महिन्यांत वुडीचा स्वभाव नव्याने लिहिला गेला आणि नोव्हेंबर १९९५मध्ये चित्रपट आला. कच्चे काम लवकर आणि निर्दयपणे दाखवणे हे हिमतीचे लक्षण आहेच. शिवाय तो स्वच्छ हिशोब आहे. आपल्या वर्गांतला विद्यार्थी नेमके उलटे करतो. तो काम झाकून ठेवतो, सबमिशनच्या आदल्या रात्री जागतो, आणि शिक्षक पहिल्यांदा पाहतो तेव्हा सुधारायला वेळच नसतो.

मराठीत काम करणाऱ्याच्या वाट्याला आणखी एक पायरी येते, जिच्याविषयी इंग्रजी ट्युटोरियल अवाक्षर काढत नाही. ती आहे लिपी. पोस्टरची कल्पना कितीही चांगली असो, फोटोशॉपात ‘किल्ला’ टाइप केल्यावर वेलांटी भलतीकडे गेली आणि ‘ल्ला’चे जोडाक्षर फुटून पायमोडका ल वेगळा उभा राहिला, की सगळे मुसळ केरात. अलीकडच्या आवृत्त्यांत ‘वर्ल्ड-रेडी लेआउट’ निवडले की अक्षरे जागेवर येतात. एका टिकमार्कचे काम. पण ते ठाऊक नसल्यामुळे कितीतरी जण अजून जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टवर अडून आहेत. श्रीलिपी आणि पुण्याच्या सीडॅकचे आयएसएम यांच्या जोरावर मराठी डीटीपीचा धंदा उभा राहिला हे खरे, आणि त्या काळी त्यांना पर्याय नव्हता. परंतु त्या फॉन्टमधला मजकूर वेबसाइटवर नेला की त्याची रोमन अक्षरांची खिचडी होते, शोधला तर सापडत नाही, दृष्टिहीनांसाठीचा स्क्रीन रीडर तो वाचू शकत नाही. छापील काम आणि डिजिटल काम यांतला फरक इतका ठोस आहे.

या लिपीचे काम कसे पुरे करायचे याचा धडा मुंबईतच मिळतो. र. कृ. जोशी हे उल्का या जाहिरातसंस्थेत काम केलेले, हाताने अक्षर काढणारे कलावंत. पुढे ते आयडीसीत शिकवू लागले. सुलेखनाची कल्पना आणि संगणकाचा कोड यांच्या मध्ये त्यांनी वर्षानुवर्षे तळ ठोकला. विंडोजमधला ‘मंगल’ हा देवनागरी फॉन्ट त्यांचा. मंगल देखणा नाही, अशी तक्रार करणारे पुष्कळ भेटतात आणि त्यांचे अगदीच चुकते असे नाही. पण तो कमी बिंदूंच्या जाड पडद्यावर वाचता यावा आणि जोडाक्षरे न फुटता उमटावीत यासाठी झालेला आहे. त्याची परीक्षा त्या अटींत करायला हवी.

पुढच्या पिढीत गिरीश दळवी आणि यशोदीप घोलप यांनी काढलेला ‘मुक्ता’ हा ‘एक टाइप’ या गटाचा फॉन्ट मुक्त परवान्याने सर्वांना मिळतो. सात वजने, देवनागरी आणि रोमन बरोबरीने; त्याच घराण्यात गुजराती, तमिळ आणि गुरुमुखीही आहेत. फॉन्ट म्हणजे बारा-पंधरा सुंदर अक्षरे काढणे, असे समजणाऱ्या विद्यार्थ्याने तो उघडून पाहावा. देवनागरीला अनेकशे आकार लागतात. रफार कुठल्या मात्रेवर कसा बसेल, ‘वाऱ्या’तला अर्धा र कसा दिसेल, उकार खालच्या ओळीतल्या मात्रेला धडकेल का, हे एकेक करून सोडवावे लागते. पाकळीचा ल आणि देठाचा श ही मराठीची वळणे, हिंदीची वेगळी. चांगल्या फॉन्टमध्ये दोन्ही ठेवता येतात आणि मजकुराची भाषा मराठी असे सांगितले की योग्य ते वळण निवडता येते. कल्पना एका संध्याकाळी सुचते. बाकीचे सगळे हे असले काम.

अ‍ॅप आणि वेबसाइटच्या क्षेत्रात हा मधला टापू निदान बोलण्यात तरी आला आहे. फिग्मा हे डिझाइनचे साधन २०१६मध्ये सर्वांसाठी खुले झाले आणि डिझायनर व प्रोग्रामर एकाच फाइलवर बसू लागले. तेथेही शिकणाऱ्याची फसगत एकाच जागी होते. तो स्क्रीन भरतो नकली मजकुराने. इंग्रजीतले ‘ओके’ हे दोन अक्षरांचे बटण. मराठीत ‘ठीक आहे’ लिहिले की चौकट अपुरी पडते. ओळींमधले अंतर रोमन लिपीच्या मापाने धरले, तर वरची वेलांटी आणि खालचा उकार छाटला जातो. खरे नाव, खरा पत्ता, खरी रक्कम टाकून पाहिल्याशिवाय स्क्रीन पुरा झाला असे म्हणू नये. काही मापे तर सरळ लिहून ठेवलेली आहेत: वेबच्या सुगम्यतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांत साध्या मजकुराचा आणि पार्श्वभूमीचा कॉन्ट्रास्ट किमान ४.५ः१ हवा, अ‍ॅपल बोटाने दाबायची जागा किमान ४४ पॉइंट ठेवायला सांगते. वापरसुलभतेचा अभ्यासक जेकब नील्सन याने २००० साली लिहिले होते की पाच माणसांना वापरायला दिले तरी बहुतेक अडचणी उघड्या पडतात. पाच माणसे कुठल्याही कॉलेजच्या कँटीनमध्ये मिळतात. तरी विद्यार्थ्यांच्या प्रकल्पात ‘युजर टेस्टिंग’ या मथळ्याखाली बहुतेक वेळा दोन मित्रांची स्तुती असते.

व्हिडिओच्या वाटेवर तर कल्पनेशी काही संबंध नसलेल्या गोष्टी काम बुडवतात. मोबाइलवर काही क्लिप तीस फ्रेमने घेतल्या, काही कॅमेऱ्यावर पंचवीसने, आणि दोन्ही एका टाइमलाइनवर टाकल्या की हालचाल अडखळते. आवाज एका प्रसंगात कुजबुजीसारखा, दुसऱ्यात कानठळ्या बसवणारा. नाव पडद्याच्या अगदी तळाशी लिहिले आणि रीलमध्ये त्यावरच लाइकची बटणे येऊन बसली. हे सगळे एका कागदावर मावेल इतके आहे. तरी प्रत्येक नवा माणूस ते नव्याने ठेच खाऊन शिकतो.

आणि फाइल सांभाळणे. १९९८मध्ये पिक्सारमध्ये कुणीतरी चुकून एक आज्ञा दिली आणि ‘टॉय स्टोरी २’च्या फाइली पडद्यावर बघता बघता नाहीशा होऊ लागल्या. बॅकअप काढला तर तो काही काळापासून नीट चालतच नव्हता. चित्रपट वाचला तो गॅलिन ससमन या तांत्रिक दिग्दर्शिकेमुळे. तिला तान्हे बाळ असल्याने ती घरून काम करी आणि घरच्या संगणकावर तिच्याकडे प्रत होती. गंमत अशी, की एवढ्या आटापिट्याने वाचवलेला चित्रपट कथेच्या दृष्टीने कच्चा आहे असे पुढे ठरले आणि नऊ महिन्यांत त्याचा मोठा भाग नव्याने करावा लागला. फाइली राहणे वेगळे, काम होणे वेगळे. दोन्हीची काळजी वेगवेगळ्या माणसांनी घ्यावी लागते. आपल्याकडच्या लहान स्टुडिओत ती दोन्ही माणसे एकच असतात, आणि त्याच्या डेस्कटॉपवर ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल हेच’ अशा तीन फाइली पडलेल्या असतात.

या टापूतले सर्वांत मोठे सार्वजनिक विद्यापीठ म्हणजे अर्थात यूट्यूब. ब्लेंडर हे थ्रीडी सॉफ्टवेअर शिकणाऱ्या प्रत्येकाने अँड्र्यू प्राइसच्या शिकवणीवरून गुलाबी डोनट केलेला असतो. डोनट वाईट नाही. हात बसायला तो उत्तम आहे. अडचण अशी, की ट्युटोरियलमध्ये निर्णय आधीच झालेले असतात. प्रकाश इकडून का, कॅमेरा इतका जवळ का, हे शिकवणाऱ्याने ठरवलेले. शिकणारा फक्त मागोमाग चालतो. स्वतःच्या कल्पनेवर काम करताना तेच निर्णय त्याला घ्यावे लागतात आणि तिथे तो गोठतो. मराठीत अशा शिकवण्या वाढल्या आहेत ही चांगली गोष्ट. पण बहुतेक ‘हे बटण दाबा’च्या पुढे जात नाहीत.

ब्लेंडरच्याच घरी याचे उत्तरही आहे. २००२मध्ये त्याचा जनक टॉन रोझेंडाल याने सात आठवड्यांत जनतेकडून एक लाख युरो गोळा करून हे सॉफ्टवेअर मुक्त केले. पुढे त्याच्या संस्थेने चित्रपट काढायला सुरुवात केली: २००६मध्ये ‘एलिफंट्स ड्रीम’, २००८मध्ये ‘बिग बक बनी’, २०१०मध्ये ‘सिंटेल’. प्रत्येक चित्रपटाबरोबर त्याच्या कामाच्या फाइलीही सर्वांना खुल्या केल्या. ‘बिग बक बनी’तल्या सशाची कातडी कशी बांधली, केस कसे हलवले, नको असलेला प्रसंग कुठे अर्धवट सोडला, हे कुणीही उघडून पाहू शकतो. पूर्ण झालेले चित्र पाहून जे कळत नाही ते त्याच्या मधल्या फाइलीत कळते. २०२५मध्ये सर्वोत्तम अ‍ॅनिमेशनपटाचे ऑस्कर लाटव्हियाच्या गिंट्स झिल्बालोडिसला ‘फ्लो’साठी मिळाले; तो चित्रपट ब्लेंडरमध्ये झालेला. एवढ्या छोट्या देशातल्या छोट्या चमूने हे केले, कारण त्यांनी कल्पना आपल्या साधनांच्या मापाची निवडली. पात्रे प्राणी, संवाद एकही नाही. मर्यादेतून आलेला असा निर्णय वर्गात शिकवता येतो, फक्त तो डिझाइनचा भाग मानला पाहिजे.

२०२२पासून चित्र बनवणारी एआय साधने हातात आल्यावर हा सगळा खटाटोप कशाला, असा प्रश्न क्लासवाले आणि पालक दोघेही विचारतात. या साधनांनी क्रम उलटा केला आहे. पूर्वी शेवटी दिसणारे गुळगुळीत चित्र आता पहिल्या मिनिटाला दिसते, आणि काम झाल्याचा भास होतो. मग गिऱ्हाईक म्हणते, साडीचा रंग तेवढा बदला, हेच चित्र होर्डिंगला आणि स्टोरीला दोन्हींना द्या, वर मराठी ओळ टाका. सुरुवातीच्या काळात तर या साधनांनी काढलेली देवनागरी म्हणजे शिरोरेषेला लटकवलेले निरर्थक आकार असत. आता सुधारणा होते आहे, पण लेअर सुटे करणे, माप बदलताना रचना नव्याने बांधणे, अक्षर खऱ्या फॉन्टमध्ये बसवणे हे काम उरतेच. म्हणजे टेबल उचलून नेलेल्या फिनिशिंग आर्टिस्टला पुन्हा बोलावण्याची वेळ आली आहे.

सरकारलाही या क्षेत्राची दखल घ्यावी लागली आहे. अ‍ॅनिमेशन, व्हीएफएक्स, गेमिंग आणि कॉमिक्ससाठी मुंबईत राष्ट्रीय केंद्र उभारण्याला केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४मध्ये मंजुरी दिली. मे २०२५च्या ‘वेव्हज’ परिषदेत त्याचा गाजावाजा झाला आणि त्याच वर्षी इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीज या नावाने पेडर रोडवरच्या राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या (एनएफडीसी) आवारात काम सुरू झाले. सोबत गूगल, अ‍ॅडोबी, एनव्हिडिया अशी साधने बनवणारी बडी नावे आहेत. त्यांचे येणे स्वागतार्हच. यंत्रे आणि परवाने लागतातच. पण साधन विकणाऱ्याला साधन शिकवण्यात रस असतो, हे गृहीत धरूनच अभ्यासक्रम आखला पाहिजे. बाउहाउसच्या दोन गुरूंपैकी एकाची सोय यामुळे झाली, असे म्हणणेही धाडसाचे होईल.

दुसरा गुरू महाराष्ट्रात आहे, फक्त तो प्राध्यापक नाही. पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या परिसरात वीस-तीस वर्षे पुस्तके लावणारे डीटीपीवाले आहेत, रंग हाताने जुळवणारे मशीनमन आहेत, अंधेरीत रात्रपाळीला आवाज मिक्स करणारे आणि कंपॉझिटिंग करणारे आहेत, फॉन्टचा कोड लिहिणारे आहेत. पदवीच्या अटीमुळे त्यांच्यापैकी बहुतेकांना कॉलेजात तासही घेता येत नाही. फार तर वर्षातून एकदा शाल-श्रीफळ देऊन ‘गेस्ट लेक्चर’. कलामहाविद्यालयांनी, आयटीआयांनी आणि पेडर रोडवरच्या नव्या संस्थेनेही त्यांना नियमित मानधनावर वर्गात आणावे, शेवटच्या वर्षी एक छोटे काम खऱ्या गिऱ्हाइकापर्यंत पोचवणे सक्तीचे करावे, आणि गुण देताना अंतिम चित्राबरोबर त्याच्या मधल्या फाइलीही उघडून पाहाव्यात.